जपानी डबी

"मोटार? तिला मोटार म्हणतात व्हय, व्याहीबुवा? चार चाकं लावलेली काडेपेटी हाय ती!"

हैबतीचा आवाज असा चढला, की ओटीवर दाणे टिपणारी कोंबडी फडफडत अंगणात पळाली. समोर बसलेले रावजी मात्र शांतपणे बशीतला चहा फुंकत राहिले. आठ दिवसांवर लग्न आलेलं. हैबतीची आवडी रावजींच्या मुरारीला दिलेली. हुंडा नाही, मानपान नाही, कशावरूनच कुरबुर नाही. आणि आता महाडला खास येऊन रावजींनी काढलं काय, तर सुनेची वरात त्या नव्या जपानी मोटारीतून आणायची!

"तुमच्या गाडीला कोण नावं ठेवतंय?" रावजी म्हणाले. "पण आमचा मुरारी मुंबईला ऱ्हातो. त्याच्या मनानं घेतलंय. मोटारवाल्या महिपतला त्यानं परस्पर सांगून बी टाकलं."

"जपानी माल हाय तो! आज हाय, उद्या नाय. पोर वाटेत उतरून चालत आली तर माझ्या नावानं बोंब मारू नका."

आतून गोदूबाई बाहेर आली. नवऱ्याच्या हातातला रिकामा कप तिनं अलगद काढून घेतला. "काय बोलायचं ते बोला, पण हातवारे जपून करा. ह्यो कप बी जपानीच हाय. तुमीच बाजारातनं आणलात. नऊ वरसं झाली, टवका नाय उडाला."

रावजींना हसू आवरेना. हैबतीनं बायकोकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जागीच गार झाली असती. गोदूबाई कप विसळायला निघून गेली.

आता हैबतीचं दुखणं काय, ते सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी या माणसानं डोंगरावरची वरकस जमीन विकली आणि एक जुनी अमेरिकन लारी आणली. महाडात तेव्हा मोटार आली की पोरंसोरं ओरडत मागं धावत. दासगावच्या बंदरात लाँच लागली, की मुंबईचे चाकरमानी उतरायचे आणि थेट हैबतीच्या लारीत चढायचे. तो त्यांना महाडला, पुढं पार पोलादपूरपर्यंत नेऊन सोडायचा. लारीच्या कपाळावर त्यानं पेंटरकडून 'गजलक्ष्मी' असं लिहून घेतलं होतं. नाते गावापासून पोलादपूरपर्यंतच्या किती लेकी त्या गजलक्ष्मीतून सासरी गेल्या, त्याला गणती नव्हती. नवरी बसली की तो पुढच्या दिव्यांना झेंडूच्या माळा बांधायचा, भोंगा तीनदा वाजवायचा, मग हँडल मारायचा. आवडी तेव्हा सहा वर्षांची. त्याच्या मांडीवर बसून भोंगा वाजवण्याचा मान तिचा. "माझ्या वक्ताला चारदा वाजवायचा हां, बाबा," असं ती म्हणायची, आणि हैबती म्हणायचा, "धा वेळा वाजवीन गो!" त्या दिवसाची तो अकरा वर्षं वाट बघत होता.

आणि मध्येच हा महिपत उपटला.

उपटला म्हणजे काय, हैबतीच्याच हाताखालून गेलेला. पाच वर्षं त्यानं गजलक्ष्मीचं हँडल मारलं, चाकं बदलली, शिव्या खाल्ल्या, गाडी शिकला. मग मुंबईला एका पारशाकडे डायवर म्हणून लागला. गेल्या दिवाळीत परत आला तो एका व्यापाऱ्याची नवी निळी मोटार घेऊनच. डाटसन तिचं नाव. एवढीशी, बुटकी, आत चार माणसं बसली तर पाचव्याला श्वास घ्यायला जागा नाही. पण हँडलचा एक झटका, की सुरू! पेट्रोल तर नुसतं हुंगून चालायची. वकील तिच्यातून जायला लागले, डॉक्टर जायला लागले, आणि हैबतीला "रामराम हैबतराव" म्हणत त्याच्या नाकासमोरून जायला लागले.

हैबतीला हेवा वाटायचा. वाटायचा कसला, माणूस नुसता जळायचा. स्टँडावर त्यानं धोशा लावला होता, "जपानी मालाची कसली हो गॅरंटी? कापड धुतलं की विटतं, बाहुली उचलली की मान हातात येती. ह्या गाडीचा पत्रा घासलेटच्या डब्याचा हाय." 'जपानी डबी' हे नाव त्यानंच पाडलं. नाव सगळ्या बाजारात झालं. लोक पोट धरधरून हसले, आणि हसत हसत डबीतच बसायला गेले.

महिपत कधी उलट बोलला नाही. एकदा मात्र हैबतीच्या तोंडावर म्हणाला, "काका, चौदा वर्षांमागं जपानात मोठा भूकंप झाला. ट्राम बंद, रेल बंद. तवा अमेरिकेच्या मोटारी आणून लोकांची ने-आण केली. मंग जपान्यानं मनावर घेतलं, की आपली आपण का बनवू नये? त्यातनं ह्या गाड्या निघाल्या. शेटजी सांगत व्हते."

"बघ!" हैबती मांडीवर थाप मारून म्हणाला. "अडल्या वक्ताला आमची अमेरिकनच कामाला आली ना?"

पण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. एका दुपारी स्टँडावर कुणी नव्हतं, महिपत जेवायला गेलेला. हैबती हळूच डबीपाशी गेला, दार उघडून आत बसला. गादी दाबून पाहिली. चाक एका बोटानं फिरवलं, तर ते फिरलं! गजलक्ष्मीचं चाक वळवताना त्याचे खांदे भरून यायचे. तो चोरासारखा उतरला, आणि त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही.

आणि आता आवडी त्या डबीतून जाणार!

लग्न वैशाखी पुनवेचं. मुहूर्त सकाळी नऊ-वीसचा, जेवणं उरकून बाराला वरात निघायची. पुनव हे हैबतीच्या ध्यानात आलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाला आंब्याचे डहाळे बांधताना. त्याचा हात तिथंच थांबला.

रावजींचं गाव दासगावच्या अलीकडे, खाडीकाठच्या खाजणात, खाऱ्या दलदलीत. मोठा रस्ता सोडला की अर्धा मैल मातीचा बांध, दोन्ही बाजूंना चिखल. बांधाच्या मधोमध एक खोलगट जागा होती. रोज ती कोरडी असायची, पण पुनव-अवसेच्या उधाणात खाडीचं पाणी तिच्यावरून जायचं. अकरा वर्षं लाँचच्या वेळा सांभाळून हैबतीला भरतीचा हिशेब तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट. पुनवेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, ही समुद्रातल्या भरतीची वेळ. पाणी खाडीतून इथवर चढायला आणखी तास-दीड तास. म्हणजे बारा वाजता निघालेली वरात बरोबर भर उधाणात बांधावर पोचणार.

पाणी गुडघाभर. माणूस बुडायची भीती नाही. गजलक्ष्मी त्यातून दहादा गेली होती. तिचं पोट उंच. पण बुटकी डबी? तिच्या इंजिनात पाणी शिरणार, ती फटफट करून मरणार. मग मागून गजलक्ष्मी येणार, भोंगा वाजणार आणि सगळ्या वऱ्हाडादेखत आवडी डबीतून उतरून बापाच्या गाडीत चढणार. हैबतीनं डहाळा करकचून बांधला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो गुणगुणत होता.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. पंगती उठल्या. हैबतीनं रावजींना सांगून टाकलं, "बाप म्हणून नको, पण डायवर म्हणून मी येनार. वऱ्हाड माझ्या गाडीतनं." त्याला कोण नाही म्हणणार?

निघताना महिपत जवळ आला. डोक्याला नवी टोपी, डबीच्या दिव्यांना झेंडूच्या माळा. माळा बांधायची रीतसुद्धा हैबतीचीच उचललेली.

"काका, आज पुनव हाय," महिपत हळू आवाजात म्हणाला. "बांधावरनं आताच निघावं, का तासभर थांबावं?"

एवढंच विचारायचं होतं आणि एवढंच सांगायचं होतं. थांब, एवढा एक शब्द. हैबतीनं डबीकडे पाहिलं. आत आवडी बसली होती, मुंडावळ्या बांधलेली, रडून डोळे सुजलेली.

"जा की," तो म्हणाला. "रस्ता मोकळा हाय."

महिपतनं मान डोलावली आणि हँडल मारलं. एका झटक्यात सुरू.

बांधावर सगळं हिशेबाबरहुकूम झालं. खाडी तट्ट फुगली होती. खोलगट जागेत पाणी लकाकत होतं. डबी त्यात शिरली, चार हात गेली, दोनदा खोकली आणि बंद पडली. मागून हैबतीचा जीव आनंदानं नुसता उड्या मारत होता.

"बघा जपानी माल!" तो लारीतल्या वऱ्हाडाला ओरडून म्हणाला. "धरून बसा, म्या फुडं जातो!"

आणि इथं त्याची घाई नडली. डबीच्या शेजारून पुढं जाऊन आवडीला उतरवून घ्यायचं, म्हणून त्यानं गजलक्ष्मी बांधाच्या कडेनं घातली. आत वऱ्हाडाची अठरा माणसं, टपावर रुखवताची भांडी. एरवी एकटी जाणारी लारी बांधाच्या मधून जायची. कडेची माती पाण्यानं भिजून लोण्यासारखी झाली होती. कचकन आवाज झाला. डावी चाकं बांधाखाली गेली आणि गजलक्ष्मी कलंडून चिखलात रुतून बसली. बायका किंचाळल्या, एक परात घरंगळत पाण्यात गेली. कुणाला खरचटलंही नाही, पण लारी काही हलेना. हैबतीनं इंजिन जोरानं रेटलं तसं चाक आणखी वीतभर खाली गेलं.

आता दोन्ही गाड्या बंद, आणि पाणी वाढतंय.

नवऱ्याचा चुलता सयाजी, हा एवढा दांडगा गडी, धोतर खोचून पाण्यात उतरला. त्यानं आधी लारीला खांदा लावून पाहिला. मग डबीकडे गेला, मागचा बंपर धरून जरा वर ओढला आणि डोळे विस्फारून ओरडला, "अरे, ही उचलतीय रे! या सगळे!"

दहा जण धावले. पाच इकडून, पाच तिकडून. "उतरू काय?" मुरारीनं काचेतून विचारलं. "बस रे गप! पालखी हाय आज तुझी!" सयाजी म्हणाला. आणि खरंच, त्यांनी ती मोटार नवरा-नवरीसकट उचलली. पाण्याच्या वर, हातभर. लोक हसत होते, आरोळ्या देत होते, वाजंत्रीवाल्यानं कमरेभर चिखलात उभं राहून सनई लावली. अशी वरात त्या खाजणानं कधी पाहिली नव्हती. काचेतून आवडी मागं वळून बघत होती. ती हसत नव्हती. ती कलंडलेल्या लारीपाशी उभ्या असलेल्या बापाकडे बघत होती.

पलीकडच्या कोरड्या जागेत डबी ठेवली. महिपतनं इंजिनाचं झाकण उघडलं, फडक्यानं प्लग पुसले, कसलीशी वायर कोरडी केली. अर्धा तास गेला. मग हँडल मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली!

वऱ्हाड चालत पुढं निघालं. हैबती गजलक्ष्मीच्या फळीवर हात ठेवून तसाच उभा होता. महिपत पाण्यातून परत आला.

"काका, लारीजवळ म्या थांबतो. ओहोटी लागली की काढू. तुमी जा, पोरीला पोचवा."

"मी? त्या—" डबी हा शब्द त्याच्या ओठावर आला आणि तिथंच राहिला.

"तुमची लेक हाय. तुमीच न्यायला पायजे."

हैबतीनं चाक हातात घेतलं. ते एका बोटानं वळत होतं. एवढं हलकं, एवढं शहाणं चाक! गाव तीन फर्लांगांवर होतं. तो पायी चालणाऱ्या वऱ्हाडापेक्षाही हळू चालला.

"बाबा," मागून आवडीचा बारीक आवाज आला. "भोंगा."

त्यानं भोंगा दाबला. गजलक्ष्मीचा भोंगा कसा, हंबरल्यासारखा. हा आपला बारीक पिपाणीसारखा. हैबतीनं मोजून दहादा वाजवला.

लेकीच्या घरी बाप पाणी पीत नाही. त्यानं तिला दारात उतरवलं, डोक्यावर हात ठेवला आणि तसाच कोरड्या तोंडानं गाडी वळवली.

बांधावर आला तेव्हा ओहोटी लागलेली, ऊन कललेलं. महिपत गुडघे टेकून हातांनी गजलक्ष्मीच्या चाकाखालचा चिखल काढत होता. नवी टोपी कुठं गेली होती कोण जाणे. चाकाखाली त्यानं दगड आणि लारीतलं गोणपाट घातलं होतं.

हैबती उतरला.

"महिपत," तो म्हणाला. "मला ठावं व्हतं. पानी येनार, ते ठावं व्हतं मला."

महिपतचे हात थांबले. पण त्यानं वर पाहिलं नाही.

"हिशेब म्या बी केला व्हता, काका. तिथीची पाऊणपट. तुमीच शिकीवलेला." त्यानं हातातला चिखल बाजूला टाकला. "पन तुमी म्हनलात, रस्ता मोकळा हाय. मला वाटलं, माझंच चुकलं आसंल. तुमचं कवा चुकत नाय."

आणि तो पुन्हा चिखल काढायला लागला.

हैबतीनं डोक्याचं लग्नातलं नवं पागोटं सोडलं. बांधापलीकडच्या विहिरीवर जाऊन, पोहऱ्यानं पाणी काढून ते भिजवून, पिळून आणलं. मग उकिडवा बसून तो त्या निळ्या मोटारीचा पत्रा पुसू लागला. आधी दिवे, मग चाकांवरचे मडगार्ड, मग दाराखालची फळी.

"काका, ऱ्हाऊ द्या. आधी लारी काढू."

"लारी कुटं जातीय?" हैबती मान वर न करता म्हणाला. "खारं पानी हाय रे. आत्ता पुसलं नाय, तर पत्रा खाईल. चांगली गाडी हाय. जपली पायजे."