सैन्य एका रात्रीत कसं पोचलं

सासूबाईंनी पुस्तक खाडकन मिटलं आणि फ्रिजवर नेऊन ठेवलं. त्या घरात फ्रिजवर गेलेल्या वस्तूचं पुढे काही खरं नसे. बंद पडलेला टॉर्च, चिरंजीवांची व्यायामाची दोरी, सगळी मंडळी तिथेच निवृत्त झाली होती.

"मी नाही वाचत पुढे," त्या म्हणाल्या. "डोक्याला ताप नुसता!"

सून चांगलीच घाबरली. एका पुस्तकापायी एवढं घाबरायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण तो आठ भागांच्या मालिकेतला शेवटचा भाग होता. ड्रॅगन, शापित तलवारी, काणा सेनापती, राखेतून उठलेली राणी, सगळा बाजार त्यात होता, आणि या दोघींचं नातं त्या बाजारावरच उभं होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं दोघींचं बोलणं म्हणजे "दूध आलं का" आणि "दार लावून घे". भांडण नाही, तंटा नाही, पण गप्पाही नाहीत. मग एकदा तापाने पडलेल्या सासूबाईंनी कंटाळून सुनेचा पहिला भाग उचलला, आणि ताप उतरायच्या आत त्या अंथरुणातून ओरडल्या, "हा काणा फितूर आहे गं, लिहून ठेव!" तेव्हापासून रोज संध्याकाळी एकीच्या हातात साबण, दुसरीच्या हातात फडकं आणि दोघींच्या तोंडी ड्रॅगन. आता सासूबाईंनी वाचणं सोडलं, तर ओट्यापाशी पुन्हा तीच शांतता. सुनेला ती नको होती.

"पण झालं काय, आई?"

"काय झालं? अगं, डोंगरातून निघालेलं सैन्य एका रात्रीत समुद्रावर! तिसऱ्या भागात त्याच वाटेला अख्खा हिवाळा गेला होता. माणसं जेवली कधी? घोड्यांना पाणी कुणी पाजलं?"

सासूबाईंचा जन्म बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात गेला होता. "मी असं वेळापत्रक लावलं असतं ना, तर चालकांनी मला डेपोतच कोंडून घातलं असतं."

त्यांचं काही चूक नव्हतं. पुस्तकाची अगदी चाळण झाली होती. दुसऱ्या भागात मेलेला आचारी शेवटच्या मेजवानीत वाढायला हजर, म्हणजे बघा! सून हे सगळं आधीच वाचून बसली होती. जिचं आधी संपेल तिने तोंड शिवून ठेवायचं, असा दोघींचा नियमच होता. तरीही तिला ते पुस्तक मनापासून आवडलं होतं. शेवटाला तर ती लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत अशी ढसाढसा रडली, की शेजारच्या टेबलावरच्या कारागिराला वाटलं, हिच्या हातून कुणाची तरी कवळी फुटली.

सून दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. फट दिसली की मेण भरायचं, ही हाताची सवयच. त्या दिवशी तोंडानेही तेच केलं.

"अहो आई, ते होड्यांनी गेले! डोंगराखाली भुयारी नदी आहे ना. पुढे येतं ते सगळं."

सासूबाईंनी कान टवकारले. "भुयारी नदी? कितव्या प्रकरणात?"

"ते सांगितलं तर मजा जाईल."

सासूबाईंनी पुस्तक फ्रिजवरून खाली काढलं. सून हरखली, आणि दुसऱ्याच क्षणी टरकली. कारण त्या पुस्तकात होडी सोडा, साधी फळीसुद्धा कुठे तरंगत नव्हती.

पुढचे दिवस काय सांगावेत! "नदी नाही आली अजून," सासूबाई रोज ओट्यापाशी म्हणायच्या. "येईल हो," म्हणत सून एक थाप निस्तरायला दुसरी मारायची. होड्या चालवणारे नावाडी आंधळे असतात म्हणाली. नदीला आवाज सहन होत नाही, म्हणून सगळं सैन्य दातात रुमाल धरून बसतं म्हणाली. नवऱ्याने एकदा जेवणाच्या ताटावरून डोकं वर काढून विचारलं, "हे नदी नदी काय चाललंय? नळ गळतोय का?" दोघींनी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

रविवारी दुपारी सासूबाई डोळे पुसत स्वयंपाकघरात आल्या. सून घासलेलेच कप पुन्हा घासत होती.

"संपलं," त्या म्हणाल्या. "राणीने मुकुट विहिरीत टाकला, तिथे मला रडू आवरेना. मेल्याने सगळा घोळ घातलाय, पण तेवढं मात्र झकास लिहिलंय." मग थांबून म्हणाल्या, "नदी काही आली नाही."

"नाही," सुनेने कप खाली ठेवला. "थाप मारली मी, आई. तुम्ही वाचणं सोडलंत तर आपलं बोलणंच बंद पडेल, अशी भीती वाटली मला."

"आंधळे नावाडी म्हणालीस ना, तेव्हाच कळलं मला. हे त्या लेखकाला सुचणं शक्यच नाही."

"मग पुढे का वाचलंत?"

सासूबाईंनी फडकं उचललं, एक कप पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला.

"तू रोज नवीन काहीतरी सांगत होतीस ना. पुस्तक संपलं की तेही संपेल, म्हणून शेवटची पानं मी पुरवून पुरवून वाचली. काल तर एकच वाचलं."

सुनेने साबणाच्याच हाताने डोळे पुसले. तशी सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय वेड्यासारखी? त्या नावाड्यांचं सांग. अंधारात वाट कशी सापडायची त्यांना?"

"अगदी पहिल्यापासून सांगू?"

"पहिल्यापासून सांग," सासूबाईंनी खुर्ची ओढली. "आणि हे बघ, लवकर संपवू नकोस."