भूमंथन आणि आप्पांची मोटर

हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, आणि ज्याला लगेच पटेल त्याच्यापासून जरा जपूनच राहावं. चाकूरहून लातूरकडं निघालं की रस्त्याला लागून एक इंजिनिअरिंगचं कॉलेज लागतं. तिथं पेट्रोलियम शिकवतात. त्या अख्ख्या मुलखात तेल म्हणाल तर करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं. जमिनीतून काढायचं म्हटलं तर पाणीसुद्धा मिनतवारीनं वर येतं. अशा कॉलेजात जमिनीखालच्या तेलाचं गणित करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि ते निवडायला समितीच्या आधी बसवला एक नारळ.

खोटं वाटत असेल तर दीपमाला मॅडमना विचारा. त्या दिवसापासून त्यांच्या घरी चटणीतसुद्धा खोबरं पडलेलं नाही.

मॅडम मूळच्या देगलूरच्या, राहायला लातुरात, पेट्रोलियम विभागाच्या प्रमुख. त्या शिकवतात तो विषय असा, की खोल खडकाच्या बारीक फटींत तेल दडलेलं असतं. ते कुणी डोळ्यांनी पाहत नाही. म्हणून कॉम्प्युटरात तो खडक उभा करायचा, त्याचे लहान लहान खण पाडायचे, आणि एका खणातून दुसऱ्यात तेल कसं सरकेल, विहिरीला किती वर्षं पुरेल, ते गणितानं काढायचं. हे करणारी दोन सॉफ्टवेअरं समोर होती. एक कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी करून सगळ्यांसाठी खुलं सोडलेलं. दिसायला ओबडधोबड, पण आत काय चाललंय ते ओळ न् ओळ वाचता येणारं. दुसरं ‘भूमंथन’. ते घेऊन आला होता वीरेश. पुण्याचा बूट, पुण्याचं बोलणं, आणि संस्थेचे चेअरमन गुरुपादप्पा यांचा सख्खा भाचा. भूमंथनात खडक इंद्रधनुष्यासारखा गरगर फिरायचा. आत काय आहे असं विचारलं की वीरेश म्हणायचा, ते कंपनीचं गुपित.

गुरुपादप्पांना सगळे आप्पा म्हणतात. कॉलेजच्या आवारातली एकूण एक बोअर त्यांनी संगप्पा पाणाड्याकडून दाखवून घेतलेली. संगप्पा तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. तेव्हा आप्पांना वाटलं, जमिनीखालचंच काम आहे तर आपला माणूस असताना समिती कशाला? दोन टेबलांवर दोन लॅपटॉप मांडले, संगप्पाला मधून चालवलं. मॅडमच्या लॅपटॉपजवळ नारळ झोपूनच राहिला. वीरेशच्या टेबलाशी आला आणि असा ताडकन उभा झाला, की त्याची शेंडी वरच्या पंख्याला लागून पंखा थांबला. तेव्हा लाइट गेली होती असं काही जण म्हणतात. त्यांना चांगलं काही बघवतच नाही.

समितीतल्या लोकांनी हात जोडले. मॅडमच्या डोळ्यांपुढं हरिओम उभा राहिला. मागच्या वर्षीचा हुशार पोरगा. वीरेशनं नमुना म्हणून दिलेल्या भूमंथनावरच त्यानं प्रोजेक्ट केला. मुलाखतीत साहेबानं विचारलं, हे उत्तर बरोबर आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? पोरगं म्हणालं, सॉफ्टवेअरनं दिलंय, सर. साहेबानं फाईल मिटली. आता हरिओम नांदेडला मोबाईलच्या दुकानात काचा बदलतो, आणि यंदाची शिवकन्या, मुदखेडहून आलेली, त्याच वाटेवर चाललीये. सॉफ्टवेअर तपासून घेतलं अशी सही विभागप्रमुखांची लागते. म्हणजे पोरांच्या गळ्यात हे बांधायचं ते दीपमाला मॅडमच्या हातानं.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “मग सहीबी नारळाचीच घ्या. माझी मिळणार न्हाई.”

आप्पांनी शांतपणे सांगितलं की सही करणारा दुसराही आणता येतो. पण चारचौघांत भाच्याची बाजू घेतल्यासारखं दिसायला नको, म्हणून मग त्यांनी विचारलं की मॅडमचं म्हणणं तरी काय. मॅडमनी सांगितलं. या धंद्यात नव्या भाकिताआधी जुना इतिहास जुळवून बघतात. विहिरीची पहिली काही वर्षं सॉफ्टवेअरला सांगायची, पुढची झाकून ठेवायची, आणि पुढं काय झालं ते त्यालाच विचारायचं. तेलाच्या विहिरीची नोंद आपल्याला कोण देणार. पण होस्टेलमागच्या बोअरला पाणी मोजायचं यंत्र बसवलेलं आहे, त्याची नोंद विभागाकडंच असते. तेल काय, पाणी काय, खडकातून सरकतं ते एकाच गणितानं. पहिली वर्षं दोघांना द्या. शेवटचं वर्ष लखोट्यात, आप्पांच्या कपाटात.

वीरेश हसून हो म्हणाला. लगेच. तिथंच मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं परीक्षांवर देखरेख करून त्यांना एक कळलं होतं: पेपराला अजिबात न घाबरणारा पोरगा एकतर फार शिकलेला असतो, नाहीतर पेपर त्याच्या घरी आधी पोचलेला असतो. आणि आप्पांच्या कपाटाची किल्ली असायची देविदास क्लार्ककडं, जो त्या आठवड्यात रोज दुपारी वीरेशच्या गाडीतून जेवायला जाऊन राहिला होता. मॅडमनी प्राचार्य दयानंद सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, पुरावा काय? आणि पुरावा असला तरी ते आप्पांचे भाचे आहेत, मॅडम, तुम्हाला दुसरं काम नाही का.

संताप असा आला की लातूरपर्यंत बस त्यांच्या रागावरच चालली. ड्रायव्हरनं डिझेलचा थेंब जाळला नाही म्हणतात. घरी जाऊन त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या, आणि जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. आकड्यांत खोटं घातलं. लखोट्यात जाणाऱ्या वर्षातल्या श्रावणात त्यांनी महिनाभर मोटर बंद ठेवली. खरी नव्हे, कागदोपत्री. उपसा शून्य केला, आणि बोअरमधलं पाणी उंच चढवून ठेवलं. खरी नोंद आपल्यापाशी ठेवली, खोटी लखोट्यात घालून सील केली. ज्या सॉफ्टवेअरला फक्त जुनी वर्षं माहीत आहेत, त्याला हा श्रावण कधीच दिसणार नाही. ज्यानं लखोटा फोडलाय त्यालाच दिसेल.

आता ही मोटर कुणाची, तेही सांगायला हवं. ती आप्पांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ बसवलेली. शेजारी नावाचा दगड आहे. दसऱ्याला पहिला हार तिला, मग कॉलेजच्या बसना. मराठवाड्यातल्या व्होल्टेजनं सगळ्यांच्या मोटरी जळाल्या, माझी एकदाबी न्हाई, हे आप्पा प्रत्येक गॅदरिंगला सांगतात. पोरं ते वाक्य त्यांच्याआधीच म्हणून टाकतात. पण वीरेश पुण्याचा. गॅदरिंगला तो कधी आलाच नव्हता.

ठरल्या दिवशी सगळे सभागृहात बसले. मध्ये आप्पा, बाजूला दयानंद सर, समितीचे लोक, आणि एका कोपऱ्यात नारळासकट संगप्पा. सॉफ्टवेअरांनी काय सांगितलं होतं ते पडद्यावर आलं: भूमंथनाची रेष लाल, मॅडमच्या खुल्या सॉफ्टवेअरची हिरवी. मग देविदासनं लखोटा फोडला. लाखेचं सील त्यानं असं सांभाळून काढलं, जणू त्याला त्याचा सराव होता. आतली नोंद निळ्या रेषेनं पडद्यावर उमटली.

उमटली म्हणायचं, पण दिसली कुठं? लाल रेष तिच्यावर अशी बसली होती की निळी औषधालासुद्धा शिल्लक नव्हती. हिरवी रेष मात्र कुठं बोटभर वर, कुठं बोटभर खाली, आणि श्रावणात तर लाल-निळीनं डोंगर केला तरी ही बापडी त्याच्या पायथ्यानं सरळ निघून गेली.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आप्पा म्हणाले, “मॅडम, तुमच्या फुकटच्या पेटीला एवढा मोठा डोंगर दिसला न्हाई व्हय?”

मॅडमनी आवाज खाली ठेवला. “वीरेशजी, हा श्रावणातला उंचवटा कशामुळं आला, तेवढं समितीला सांगाल?”

वीरेशनं पडद्याकडं पाहिलं. नोंद त्यानं उतरवून घेतली होती; त्यातला डोंगर कसला, हे विचारायची गरज त्याला पडलीच नव्हती. खाली उपशाची रेष महिनाभर शून्यावर होती. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

“हे मी सहसा सांगत नाही, कारण कुणाचा विश्वास बसत नाही,” तो म्हणाला. मग तो सुटला. भूमंथन नुसता खडक बघत नाही, म्हणाला, ते मोटरीचा श्वास ओळखतं. जुन्या वर्षांच्या आकड्यांतूनच त्याला कळलं की हिची वायंडिंग तापून राहिलीये. कोणत्या महिन्यात व्होल्टेज पडेल, दुरुस्तीला किती दिवस जातील, मिस्त्री किती वेळा उद्या येतो म्हणेल, सगळं त्यानं धरलं होतं. मोटर जळाली, उपसा थांबला, पाणी चढलं. “मामा, तुमची मोटर श्रावणात जळणार, हे याला कधीच कळलं होतं.”

समितीतून वाहवा निघाली. दयानंद सरांनी मान डोलावली. संगप्पानंसुद्धा नारळ खाली ठेवला. इतकं त्याच्या नारळालाही जमलं नव्हतं. मॅडम उठल्या. लातूरपासून बसमध्ये घोकत आणलेलं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याआधी मधली खुर्ची करकरली.

आप्पा उभे राहिले होते. त्यांनी खिडकीतून बाहेर, वडिलांच्या नावाच्या दगडाकडं पाहिलं, आणि मग भाच्याकडं.

“कुणाची मोटर जळाली म्हणलास?”

वीरेशनं हसून पुन्हा सांगितलं, तुमचीच मामा, होस्टेलमागची, श्रावणात.

“श्रावणातल्या दर सोमवारी मी सोत्ता तिथं जाऊन नारळ फोडलाय, बटन दाबलंय आन् पाणी बघून घरी गेलोय,” आप्पा म्हणाले. “माझ्या बापाच्या नावाची मोटर हाय ती. आजवर एकदाबी जळाली न्हाई. जे झालंच न्हाई ते तुझ्या पेटीला दिसलं कुठून रे? खोटं बोलून राहिलास तू, वीरेश.”