पायाळू शारदाबाईंचा उजवा पाय

नातीचं, तन्वीचं बारसं झालं ते दोन हजार अठराचं साल. अक्षय्यतृतीयेचा दिवस होता. पाळणा एका बाजूनं डगमगत होता म्हणून शारदाबाई त्याच्याखाली पुठ्ठा सरकवायला वाकल्या, आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. कमरेत कुणी खिळा ठोकावा तसं झालं.

इंदूरच्या छत्रीबागेत ही बातमी हसण्यावारी गेली. कारण गल्लीतल्या सगळ्यांच्या कमरा नीट करायच्या त्या शारदाबाईंनीच. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या. पायाळूनं लाथ मारली की भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे सगळेच मानतात. शनिवारी सकाळी मराठी, माळवी, सिंधी, सगळे त्यांच्या ओट्याजवळ भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. वडीलधारा असला तर बाई आधी त्याला नमस्कार करायच्या आणि मग लाथ द्यायच्या, तीही उजव्या पायाची. माणूस कंबर चाचपत, हसत घरी जायचा.

पण स्वतःच्या पाठीला स्वतःची लाथ पोचत नाही. म्हणून मुलानं, निशांतनं, परदेशीपुऱ्यातून संताजीला बोलावलं. तोही पायाळू. तरुणपणी कुस्ती केलेला, दारात मावणार नाही असा गडी.

"काकू, जोरात देऊ का हळू?" त्यानं विचारलं.

"आलाच आहेस तर दे नीट," शारदाबाई म्हणाल्या.

त्यानं नीट दिली. दुसऱ्या दिवशी कमरेपासून बोटांपर्यंत उजव्या पायात आग उतरली, आणि तिसऱ्या दिवशी पायातली चप्पल राहीना. पंजा वर उचलायला जावं तर तो ओल्या फडक्यासारखा खाली लोंबायचा. नेमका तोच पाय. शनिवारी लोक आले, उभे राहिले आणि परत गेले.

शेजारच्या अप्पासाहेबांच्या जिभेला हाड नव्हतं. ते ओट्यावर टेकून म्हणाले, "काय वहिनी, दुकानाचं शटर पडलं?"

एरवी बाईंनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी त्या नुसत्या पायाकडे बघत राहिल्या. तेव्हा अप्पासाहेबही घाबरले, आणि त्यांनीच निशांतला हाक मारली, "अरे भिया, वहिनींना डॉक्टरला दाखव. ह्या गप्प बसल्या म्हणजे मामला सीरियस आहे."

डॉक्टर ऋजुता साताऱ्याकडची, नोकरीसाठी इंदूरला आलेली. तिनं एमआरआय करून घेतला आणि फोटो दिव्यावर लावला. दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसली होती.

"लाथ मारून ती परत जागेवर नाही का बसत?" शारदाबाईंनी विचारलं.

डॉक्टर हसली नाही. "माझी आजीही पायाळूकडे जायची. पण ही उसण नाही, आजी. इथे नस दबलीय. जोराच्या धक्क्यानं ती जास्त दबली असेल. दाब लवकर काढला तर पाय परत यायची आशा चांगली. जितकं थांबू तितकी ती कमी."

"पाठ फाडणार?"

"बोट जाईल एवढंही भोक नाही. त्यातून बारीक नळी घालायची, नळीत कॅमेरा. सरकलेला तुकडा तेवढा काढून घ्यायचा. तुम्ही जाग्याच असाल."

निशांत खुर्ची ओढून आईजवळ सरकला. त्यांच्या नात्यातला एक जण पाठीच्या ऑपरेशननंतर उठलाच नव्हता. "आई, एकदा और सोच लो ना. घरी जाऊन ठरवू."

"विचार काय पायानं करायचा आहे?" शारदाबाई म्हणाल्या. "तो तर ऐकतच नाही. करून टाका, डॉक्टर."

ऑपरेशनच्या वेळी त्या पालथ्या पडून होत्या. पाठ बधिर केलेली होती, पण पायातली आग तशीच जळत होती. मागून डॉक्टर अधूनमधून विचारायची, "आजी, पायात काय वाटतंय?" बाई म्हणायच्या, "तेच." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग एकदम चुलीत पाणी ओतावं तशी आग विझली. इतकी झटकन, की बाईंना वाटलं, पायच गेला.

"डॉक्टर, पाय आहे ना जागेवर?"

"आहे, आजी. नस मोकळी झाली."

संध्याकाळी त्यांना उभं केलं. दुखणं गेलं होतं, पण पंजा लोंबतच होता. नसेला जाग यायला वेळ लागतो, डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. घरी आल्यावर बाई रोज सकाळी ओट्यावर पाय पसरून बसायच्या आणि त्याला हुकूम सोडायच्या, "ऊठ." अप्पासाहेब चहाचा कप घेऊन समोर बसायचे. "उठले का साहेब?" "नाही." "झोपू द्या, मोठ्या घरचे आहेत."

आषाढ निम्मा सरला तरी काही नाही. बाईंची आशा सुटत चालली होती. आणि एका सकाळी अंगठा हलला. अप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. "वहिनी, परत करा." त्यांनी परत केलं. परत हलला. शारदाबाई पदरात तोंड घालून रडल्या, आणि अप्पासाहेब चहा गार झाला म्हणून सुनेवर उगाच ओरडत घरात गेले.

मग पाय दिवसागणिक वर येत गेला. नवरात्रात बाई देवळापर्यंत चालत जाऊन आल्या, आणि वाटेत पायातली चप्पल एकदाही निसटली नाही. दसऱ्याला संताजी सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात देऊन मान खाली घालून उभा राहिला.

"काकू, मेरी वजह से हुआ सगळं."

"कंबर दुखते का तुझी?"

"नाही."

"पंजा उचलतोस ना नीट? टाचांवर चालून दाखव." तो चालला. "हव, चांगला आहेस. आता भिंतीकडे तोंड कर."

गल्ली गोळा झाली. शारदाबाईंनी एका हातानं दाराची चौकट धरली, उजवा पाय मागे घेतला आणि अशी लाथ हाणली की तेवढा मोठा गडी दोन्ही हातांनी भिंतीला चिकटला. अप्पासाहेब टाळ्या पिटत म्हणाले, "शटर उघडलं रे, लाईन लावा."

पुढे त्या ओट्यावर शारदाबाई लाथ द्यायच्या आधी प्रत्येकाला टाचांवर चालायला लावायच्या. ज्याचा पंजा उठला नाही, त्याला लाथ मिळत नसे. त्याला डॉक्टर ऋजुताच्या दवाखान्याची वाट दाखवली जाई.

शारदाबाई दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत, छातीतल्या कफाचं निमित्त होऊन, घरीच वारल्या.