वन्संची फुशारकी

वन्संना आपणहून फोन लावायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. थोरल्या नणंदबाईंचाच फोन यायचा, दर रविवारी, आणि तोही फुशारकी मारायला. दोघी एकाच कंपनीच्या दुकानांत काउंटरवर, फक्त देश वेगळे. "आमच्याकडे बाई खोकं म्हणून उचलावं लागत नाही!" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. इकडे ती दिवसभर उभी असायची, आणि गिऱ्हाईक नसलं की खोकी फोडून रॅक भरायची.

आज मुख्य कचेरीतल्या साहेबांनी मागच्या खोलीत सगळ्यांना बोलावून तक्ता पसरला. पाच देशांतली दुकानं आणि शंभराच्या विक्रीमागे पगारावर होणारा खर्च. वन्संच्या देशात आठ, इथे बारा.

"चारातले दोन काउंटर बंद करावे लागतील," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. समोरचा चहा त्याला गिळवत नव्हता. सगळ्यांत शेवटी नोकरीला लागलेली तीच. पहिली नोकरी जाणार ती तिचीच.

मग एकदम ती म्हणाली, "साहेब, तिथे रॅक कोण भरतं?"

"दुकानातलीच माणसं. दुसरं कोण?"

"नाही हो! बिस्किटं बिस्किटवाल्यांची माणसं लावतात, साबण साबणवाल्यांची. त्यांचा पगार या तक्त्यात कुठाय?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला कसं माहीत?"

तिने व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यापुढे धरला.

"अगं, आज सूर्य कुठे उगवला? जेवणाची सुट्टी आहे म्हणून उचलला हो."

"वन्सं, ते खोक्यांचं सांगा ना आमच्या साहेबांना. नेहमी सांगता तसंच. काही म्हणजे काही कमी करू नका."

असं आमंत्रण वन्संना जन्मात मिळालं नव्हतं. त्यांनी फोन दुकानभर फिरवला. वेगवेगळ्या कंपन्यांचे सदरे घातलेली माणसं आपापला माल लावत होती. साहेबांनी रॅक भरायचे तास इथल्या हिशेबातून वगळले, तेव्हा बाराचे साडेसात झाले.

"चारही काउंटर राहतील. वर मी सांगतो," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा एका दमात प्यायले. तिचा जीव भांड्यात पडला.

वन्सं मात्र थांबायला तयार नव्हत्या. "आणि आमच्याकडे काउंटरवर बसायला खुर्ची असते हो!"

ती फोन ठेवणार, एवढ्यात साहेबांनी पुन्हा पेन उचललं.

"थांबा, थांबा. खुर्चीचं काय म्हणाल्या त्या?"