हौसाची पापणी

गणपतीचे डोळे काढावेत तर हौसानेच, हे मी नाय, गुणाजीशेठ सांगायचे. हमरापुरात त्यांच्याच मूर्तींच्या कारखान्यात मी आखणी करायची, म्हणजे ब्रशने डोळे रेखायची. मग एका दुपारी हिरामणने, माझ्या नवऱ्याने, भुवईवर पितळी तांब्या हाणला आणि उजवी पापणी अर्ध्यावर लटकली.

ऑपरेशन झालं, पापणी वर गेली. नवव्या दिवशी भात करपला म्हणून मेल्याने त्याच डोळ्यावर बुक्की घातली. टाके सुटले, पदर रक्ताने भिजला. सासू म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही खोटारडी, दवाखान्यात मोरीत घसरले म्हणून सांगून आले.

पापणी पुन्हा लटकली, आखणी गेली. मान मागे टाकून बघायचं, तर रेघ वाकडी पडायची. शेठनी मूर्ती घासायला बसवलं. त्या दिवशी मी ढसाढसा रडले.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सहा महिने थांबून पापणी उचलणारा तोच स्नायू पुन्हा आवळता येईल, पण तो फाटलाय, भरवसा कमी. नाहीतर पापणी आतून दोऱ्याने कपाळाच्या स्नायूला बांधायची, भुवई उचलली की डोळा उघडेल. तोवर चष्म्याला आतून तार लावू, ती पापणी उचलून धरेल.

"पण आता डोळ्याला मार लागता कामा नये," बाई म्हणाल्या.

तारेच्या चष्म्याने मी पुन्हा ब्रश धरला. रेघ सरळ आली तेव्हा शेठनी चहा मागवला. सहा महिने होत आले आणि हिरामण एका संध्याकाळी पिऊन आला. चष्मा लावून कोणाला बघतेस म्हणत त्याने चष्म्यावरच मारलं. तार पापणीत घुसली.

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यात शाडू कुटायचा दांडका होता. पुन्हा उगारलेल्या त्याच्या हातावर तो घातला, मनगट काडकन वाजलं. तो खाली बसला तरी मी थांबले नाय, कोपरावर अजून दोन दिले. मेल्या, देवाचे डोळे काढते मी या डोळ्याने! सासू मध्ये पडली नाय.

पापणीची जखम आठवड्यात भरली. मग पेणला जाऊन बाईंना पहिल्यापासून खरं ते सगळं सांगितलं. दोरा आत्ताच बांधा म्हटलं, त्याचा हात दीड महिना प्लास्टरात हाय.

बाईंनी विचारलं, "आणि दीड महिन्याने?"

"दांडका घरातच हाय," मी म्हणाले.