एल्कच्या आठवड्यातली मॅच

पाच

कपडे बदलायच्या खोलीत अकरा खुंट्यांवर अकरा जर्सी आणि बाकावर पोरी पाच. मायवोरने परत मोजलं. पाचच. एकाहत्तर वर्षांच्या डोळ्यांना दोष द्यायचीही सोय नव्हती. पाच माणसं मोजायला चष्मा लागत नाही.

"सात नसतील तर पंच शिट्टीच वाजवणार नाही," ती म्हणाली. "न खेळता हरले असं लिहील आणि घरी जाईल."

"माहितीय गं मला," थेरेस पुटपुटली. थेरेस संघाची प्रशिक्षक. दक्षिणेकडची, गावच्या शाळेत शिकवायला आलेली.

मे महिन्यात गावात उलट्यांची साथ आली तेव्हा एक मॅच अशीच सोडावी लागली होती. एका मोसमात दुसरी सुटली की संघ स्पर्धेतून बाद. आणि बाद झालेला संघ पुन्हा उभा राहत नाही, हे मायवोरने नदीकाठच्या गावांमधून पाहिलं होतं. आधी संघ जातो, मग गोलाची जाळी कुणीतरी मासे धरायला नेतं, मग मैदानात बर्चची रोपं उगवतात.

"सप्टेंबरचा पहिला शनिवार चालेल का, असं त्या शहरातल्या संघाने विचारलं. मी म्हटलं, चालेल," थेरेस म्हणाली. "मला कुणी सांगायचं नाही का, की एल्कची शिकार असते म्हणून?"

"काय सांगायचं? नाताळ डिसेंबरात येतो हे सांगतं का कुणी कुणाला?"

टालसेले गावात शिकारीच्या पहिल्या आठवड्यात कुणी लग्न करत नाही, दात उपटून घेत नाही, आणि जमलं तर मरतही नाही. एल्क म्हणजे घोड्याहून उंच हरीण, अख्ख्या हिवाळ्याचं मटण. संघातल्या निम्म्याहून जास्त पोरी या क्षणी बंदूक मांडीवर घेऊन रानात बसल्या होत्या.

एकोणीस (१९७३)

तेव्हा मात्र एकोणीस जणी होत्या. सगळ्या शिवणाच्या कारखान्यातल्या. पुरुषांच्या क्लबने सांगितलं, गवतावर पाय ठेवायचा नाही, गवत खराब होतं. (बायकांच्या पायांत असं काय असतं, हे कुणी सांगितलं नाही.) मग त्या खडीच्या मैदानावर खेळल्या. संध्याकाळी एकमेकींच्या गुडघ्यांतले खडे सुईने काढले. जर्सीसाठी जुने पडदे लाल रंगवले, आणि वीस वर्षांच्या मायवोरने त्या जर्सी पांढऱ्या चड्ड्यांबरोबर एकाच धुण्यात टाकल्या. सगळं गुलाबीसर निघालं, सॅमन माशाच्या मांसासारखं.

"आता?" एकोणीस जणींनी विचारलं.

"आता काय, हाच आपला रंग," मायवोर म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

अजून तोच रंग आहे, आणि जर्सी अजून मायवोरच धुते. पुरुषांचा क्लब बंद पडला त्याला वीस वर्षं झाली. गवत बायकांकडे आलं.

पाच, अजूनही

शहरातल्या पोरी बसमधून उतरून सरावाला पळायलासुद्धा लागल्या. मायवोर गाडीत जाऊन बसली आणि तिने शिकारीचा रेडिओ तोंडाशी धरला. रानात तिची मुलगी होती, अनेली. तुस्सा नावाच्या शिकारी कुत्रीची मालकीण आणि संघाची गोलकीपर.

"अनेली, आई बोलतेय."

"हळू! तुस्साने एल्क अडवून धरलाय. भुंकणं ऐकू येत नाही का तुला?"

"मॅच आहे अगं."

"मग काय करू? त्याला जाऊन सांगू, बाबा रे, आमची मॅच आहे, जरा लवकर मर?"

कुत्रं भुंकत असताना जागा सोडायची नाही. सोडली तर कुणाच्या तरी गोळीपुढे येशील. मुलीला हे मायवोरनेच शिकवलं होतं. तिने खिडकीची काच खाली केली आणि नदीपलीकडच्या रानाकडे कान लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या जनावराच्या मरणाची इतकी घाई झाली होती.

बार झाला.

मग आणखी एक.

"पडला!" रेडिओत कुणीतरी ओरडलं. मायवोरने डोकं स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. शहरातल्या पोरींना वाटलं, मॅच सुरू झाली.

अकरा, आणि बाहेर सहा (१९८९)

राखीव बाकावरसुद्धा जागेसाठी भांडणं. मायवोरला शेवटच्या वर्षी खेळायलाच मिळालं नाही, म्हणून तिने बाकाखाली लोकरीचा डबा ठेवून मोजे विणत अख्खा मोसम काढला. पुढे कारखाना बंद पडला. पोरी शिकायला गेल्या त्या परत आल्या नाहीत.

एक प्रथा तेवढी राहिली. वार्षिक सभेत केक कापला की पहिल्या एकोणीस जणींची नावं खेळाडू म्हणून पुन्हा नोंदवायची. जी वारली तिचंच नाव काढायचं. आता चार उरल्या होत्या: दोघी वृद्धाश्रमात, एक स्पेनमध्ये उन्हात.

सहा

जुनी पिकअप धुरळा उडवत आली. तिच्यातून नारिंगी टोपी घातलेली सतरा वर्षांची टुवा उडी मारून उतरली.

"एकटीच?" थेरेस किंचाळली.

"बाकीच्या एल्क ओढतायत, दलदलीत पडलाय तो. आणि तुस्सा एल्कच्या वासराच्या मागे पळाली. अनेली तिच्या मागे."

पंच स्टूरे मैदानाच्या मधोमध उभा होता. गळ्यात शिट्टी, पायात शिकारीचे बूट. त्यालाही परत रानात जायचं होतं.

"सहा दिसतायत मला," तो म्हणाला. "वाईट वाटतंय, मायवोर."

"तुझं वाईट वाटणं ठेव खिशात. यादीत माझं नाव आहे की नाही बघ."

स्टूरेने कागद लांब धरून पाहिला. "आहे. पण ती गंमत आहे ना? केकची?"

"केक खाल्लाय, गंमत कसली!"

सात

अनेलीचे हातमोजे मायवोरला मोठे होत होते. गोल इतका रुंद असतो हे ती विसरली होती. शिट्टी वाजली तेव्हा तिला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. खुब्याचं हाड मोडलं तर जिने कसे चढायचे, आणि गोठवलेलं मटण तळघरातून वर कोण आणणार, एवढंच वाटलं.

"पोरींनो," ती ओरडली, "बॉल माझ्याकडे आला तर एकेकीचे कान उपटीन!"

पोरींनी ऐकलं. टुवाने बॉल फरच्या झाडांत मारला. तो शोधून आणला, तर दुसरीने नदीच्या उतारावर धाडला.

"याला फुटबॉल म्हणतात?" शहरातली कप्तान वैतागली.

"इथे असाच खेळतात," टुवा म्हणाली. "तुमच्याकडे झाडं नाहीत का?"

बॉल पुन्हा झाडांत गेला आणि परत आला तो तुस्साच्या नाकापुढे. मागून अनेली, चिखलाने कमरेपर्यंत माखलेली, कुत्रीला शिव्या घालत.

"आई! तू काय करतेयस तिथे?"

"तुझी वाट बघतेय, दुसरं काय! ये लवकर!"

उकळतं भांडं खाली ठेवावं तसे मायवोरने हातमोजे काढले. एकदाही बॉलला हात लागला नव्हता. देवाची कृपा. ती मैदानाबाहेर आली, कुत्रीला गोलाच्या खांबाला बांधलं, आणि गवतावर बसली. तिचं हसू थांबत नव्हतं.

आठ, नऊ, अकरा

बाकीच्या मध्यंतरात आल्या. टालसेले सहा-शून्यने हरलं. शेवटची शिट्टी वाजली तशा पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, थेरेस रडली, स्टूरेने निकाल लिहून सही केली.

"जिंकलं कोण?" शहरातल्या कप्तानने विचारलं.

"तुम्ही," मायवोर म्हणाली. "सहा गोलांनी. थांबा, कॉफी पिऊन जा. आणि मटण न्या थोडं."

घरी येऊन तिने अकरा जर्सी मशीनमध्ये कोंबल्या. टुवाची नारिंगी टोपी त्यांच्यातच आली होती. मायवोरने ती बाहेर काढायला हात घातला, मग कंटाळली, आणि झाकण लावून टाकलं.