दूनलंगचा वाटा

चाळीस वर्षं मी दून ब्रेकच्या गडावर मांस वाटलं. वाटणं म्हणजे नुसतं कापणं नव्हे. मांडी राजाची, बरगड्या न्यायाधीशाच्या, मुंडी सारथ्याची. एक तुकडा इकडचा तिकडे झाला की सुरे निघतात. माझ्या वाटपात एकदाही निघाले नाहीत, ही काही बढाई नाही. पुढचं ऐकताना हे ठाऊक असलेलं बरं, एवढंच.

दूनलंग राजा गेला तेव्हा त्याला तटाबाहेरच्या टेकाडात पुरलं. आमच्याकडे राजा मेला तरी वर्षभर त्याचा वाटा निघतो. सूर्य बुडताना मी भाजलेली मांडी टेकाडापुढच्या दगडावर ठेवायची आणि सूर्य उगवताना ताट उचलायचं. ताट रोज रिकामं असायचं. लोक म्हणायचे, दूनलंगची भूक अजून शाबूत आहे. भूक माझी होती. उभ्या जन्मात राजाची मांडी कापली, चव कधी घेतली नव्हती. पहिल्या पहाटे एक घास घेतला, आणि मग सोकावलो.

गडावर कुआन नावाचा ओलीस होता. त्याच्या लोकांनी दंगा करू नये म्हणून दूनलंगनं त्याला आणून ठेवलं होतं. पायात बेडी, वाट्याला मानेचा चिवट तुकडा. पण पोरगा गुणाचा. ‘ओरानदादा, आज बैल म्हातारा होता वाटतं,’ म्हणून हसायचा. दूनलंगनं त्याच्या आईला, लासरला, भर सभेत शब्द दिला होता: पुढच्या वर्षी गुरं डोंगरावरून खाली उतरतील तेव्हा तुझा मुलगा घरी येईल. मी तिथंच होतो, हातात सुरा घेऊन.

गुरं उतरली, पण राजा मातीत होता. गादीवर त्याचा पुतण्या फेलान. आणि नव्या राजानं हिवाळ्याच्या सणाला एका ओलिसाचं डोकं दारावरच्या खांबावर लावायचं, हे गडावर उघड बोललं जात होतं. सणाला आठ दिवस उरले असताना लासर आली. वाळकी, उंच बाई, पायांत चिखल.

“महाराज, तुमच्या काकांनी शब्द दिला होता,” ती म्हणाली.

“कोणी दिला होता?”

“तुमच्या काकांनी.”

“मग काकांकडे मागा की! ते बघा, टेकाडात आहेत. कुठं पळून जातायत?”

सभा खो खो हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

“बरं,” लासर म्हणाली. “त्यांच्याकडे मागते.”

ती टेकाडापुढे जाऊन बसली आणि तिनं मेलेल्या राजाच्या दारात धरणं धरलं. तेव्हा कोणी हसलं नाही. गरिबाला थोरामोठ्याकडून न्याय मिळाला नाही की तो त्याच्या दाराशी उपाशी बसतो. मग आतल्यानं एक तर मागणं कबूल करून तारण द्यायचं, नाही तर स्वतःही उपाशी राहायचं. तारण न देता जो जेवला तो बुडाला. त्याची अब्रू जाते, आणि देणं वारसाच्या गळ्यात पडतं.

न्यायाधीश नेसान म्हातारा आणि कायद्याला पक्का. तो म्हणाला, “राजाला रोज ताट जातं आणि रोज रिकामं येतं. म्हणजे राजा जेवतो. म्हणजे धरणं लागू.”

बाई ताटाशेजारी डोळे उघडे ठेवून बसलेली. मी खाणार कसा? दुसऱ्या दिवशी ताट भरलेलं, तिसऱ्या दिवशीही भरलेलं. नेसान दोन साक्षीदार घेऊन पहाटे यायचा, पाहायचा, म्हणायचा, “राजा जेवलेला नाही.” लोक कुजबुजायला लागले: दूनलंगनं उलट धरणं धरलंय.

“मेलेल्या माणसाशी उपासाची पैज!” फेलान हसला. “बाई, काका काही हरायचे नाहीत.”

मला तर ठाऊक होतं की तिथं जेवणारं कोणी नाही. मग कावळे का येत नव्हते? टेकाडावर चाळीसेक कावळे घिरट्या घालायचे, पण मांसावर एकही उतरत नव्हता. कोल्ह्यांच्या पाऊलखुणा दगडापासून दहा हातांवर येऊन वळायच्या. चौथ्या पहाटे दव पडलं होतं. सगळं गवत ओलं, लासरचे केससुद्धा ओले. फक्त तिच्या शेजारी, मांडी घालून माणूस बसेल एवढीच जागा कोरडी होती आणि तिथलं गवत दबलेलं होतं. मी ताट उचललं आणि पळालो.

घरी घास उतरेना. माझी बायको रोनात म्हणाली, “काय हो, राजा उपाशी म्हणून तुम्हीपण का? उद्या राजाबरोबर जाऊन झोपाल टेकाडात!”

सातव्या दिवशी फेलाननं दारावर खांब रोवला. दुसऱ्या दिवशी सण होता. कुआननं मला विचारलं, “दादा, आई अजून बसलीय?” मी मान हलवली. “तिला उठवा ना. माझं व्हायचं ते होईल.”

सणाच्या पहाटे मी जरा लवकरच गेलो. लासर आडवी पडली होती, ओठ काळे पडलेले. ताट भरलेलं. शेजारची कोरडी जागा तशीच. मी खाली बसलो आणि खायला लागलो. मांडी थंडगार होती. तरी हाडापर्यंत खाल्लं. मध्येच लासरनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी थांबलो नाही. तेवढ्यात त्या कोरड्या जागेवरचं दबलेलं गवत एकेक पातं करून उभं राहिलं. कोणीतरी उठून गेल्यासारखं.

नेसान आला. “ताट रिकामं आहे. बाई, तुम्ही काय पाहिलंत?”

“ताट रिकामं आहे,” लासर म्हणाली. “मला तेवढंच दिसतं.”

“दूनलंग राजा धरणेकऱ्यासमोर जेवला,” नेसान मोठ्यानं म्हणाला. “त्याची अब्रू गेली. देणं फेलानवर.”

फेलानचा चेहरा उतरला, पण भर सणाला कायदा मोडायची त्याची छाती झाली नाही. दुपारच्या आत कुआनची बेडी तुटली. त्यानं आईला दूध पाजलं आणि पाठीवर घेतलं. खंदकाच्या पुलावर लासरनं मला जवळ बोलावलं.

“दादा, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण एक सांगू? राजा माझ्या विरुद्ध नव्हता बसला.”

“म्हणजे?”

“माझ्याबरोबर बसला होता. गुडघ्याला गुडघा लावून. त्याला शरम वाटत होती हो. शब्द कबूल होता, तोंड नव्हतं सांगायला. म्हणून जेवत नव्हता.”

ती गेली आणि मी पुलावर उभाच राहिलो. जगातल्या सगळ्या राजांत एकानं मेल्यावरही शब्दाची लाज धरली, आणि मी त्यालाच खादाड ठरवलं. त्या सणापासून गाणारे भाट त्याला ‘जेवलेला दूनलंग’ म्हणू लागले. पोरं टेकाडावर हाडकं फेकायची.

सणाच्याच संध्याकाळी तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. दिसत नव्हता. पण माझा कुत्रा उंबरा ओलांडीना, आणि घास तोंडाशी नेला की दाराकडून उपाशी माणसाच्या श्वासाचा वास यायचा. धरणं होतं ते. त्याला काय हवं ते मला कळत होतं. पण खरं सांगितलं असतं तर फेलान त्याच दिवशी घोडे घेऊन लासरच्या दारात गेला असता. मी नऊ दिवस नुसतं पाणी प्यालो. दहाव्या दिवशी, भर दुपारी, काठी टेकत टेकाडापाशी गेलो.

“महाराज, कुआन जिवंत आहे तोवर माझं तोंड बंद,” मी म्हणालो. “तो त्याच्या मरणानं मेला की भर सभेत सांगेन. तारण म्हणून माझा उजवा हात.” वाटणाऱ्यानं वाटा चोरला तर आमच्याकडे उजवा हात मनगटातून तोडतात. त्या संध्याकाळी उंबरा रिकामा होता आणि मी ताकाबरोबर भाकर खाल्ली.

याला तेवीस वर्षं झाली. रोनात गेली, नेसान गेला. फेलान अजून गादीवर आहे, अजून तसाच. काल गुरं विकणारा एक जण सांगत होता, कुआन खोकल्यानं गेला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात, तीन लेकी उशाशी. मी त्याला दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा सांगताना तो वैतागला.

काल संध्याकाळपासून घास उतरत नाही.

आज सभा आहे. मला भीती वाटते. या वयात एका हाताचा म्हातारा काय करणार? हाताकडे पाहत सकाळभर बसलो. मग दाराकडे वळून म्हटलं, “उठा महाराज, चला. फार वर्षं उपाशी ठेवलं तुम्हाला.”